चाळीस मिनिटांत? मग तो पाला नव्हे

वय सत्तेचाळीस, गाव चिपळूण, राहायला सिंगापूरला बून लेमध्ये आणि नोकरी तुआसच्या शिपयार्डात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. गेलं वर्षभर मी बायकोशेजारी झोपत होतो तो अक्षरशः झोपण्यापुरता. आधी शिफ्टचं निमित्त सांगितलं, मग उकाड्याचं, मग मुलीच्या परीक्षेचं. खरं तर इच्छाच होत नव्हती, आणि कधी झालीच तर ऐनवेळी शरीर दगा द्यायचं. ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, चार वर्षांपासून चालू आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी मी डॉक्टरांसमोर बसतोच. पण तिथे तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. यार्डातल्या एका मित्राजवळ मात्र बोललो गेलो. तो म्हणाला, "एवढंच ना? गेलांगला चल."

गेलांगला आम्ही तसेही डुरियन, म्हणजे फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ, खायला जातो. आल्जुनीड स्टेशनवर उतरलं की थोड्याच अंतरावर त्या गल्ल्या लागतात, तिथे त्यांना लोरोंग म्हणतात. संध्याकाळनंतर काही लोरोंगांच्या तोंडाशी घडीची टेबलं टाकून माणसं बसतात आणि पोलीस दिसला की टेबलासकट नाहीशी होतात. अशाच एका टेबलावरून वीस डॉलरला दहा कॅप्सूलची बाटली घेतली. बाटलीवर सोनेरी बैल आणि खाली ठळक इंग्रजीत 'शंभर टक्के वनस्पतिजन्य, पारंपरिक चिनी'. कारखान्याचा पत्ता, बॅच नंबर, मुदत, यातलं काही नव्हतं. आम्ही जहाजाच्या साध्या व्हॉल्व्हलाही कागदपत्रं असल्याशिवाय हात लावत नाही. पोटात घालायच्या वस्तूला ते विचारावं, हे काही सुचलं नाही.

शनिवारी रात्री एक घेतली. चाळीस मिनिटांत कान तापले, नाक चोंदलं, कपाळ ठणकायला लागलं. आणि बाकीचं सगळं वीस वर्षांपूर्वीसारखं. बायको हसून म्हणाली, "आज काय झालंय तुला?" मी ऐटीत म्हटलं, "चायनीज आयुर्वेद!" एक गोष्ट तेवढी विचित्र वाटली. खोलीतला पांढरा दिवा निळसर दिसत होता.

दुसऱ्या खेपेला पहाटे बाथरूमला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची चौकट धरली म्हणून वाचलो. मग बायकोला बाटली दाखवावीच लागली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. "काढाच घ्यायचा तर नीट वैद्याकडून घे. रस्त्यावरून आपण भाजी तरी घेतो का?" (घेतो. पण ती वाद घालण्याची वेळ नव्हती.)

चिनी वैद्याला इथे सिनसे म्हणतात. 2000 साली कायदा झाल्यापासून त्यांनाही नोंदणी लागते. मी पाहिलं ते प्रमाणपत्र आरशासारखं भिंतीवर टांगलेलं होतं. बून लेहून आउट्रम पार्क, तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन चायनाटाउन. दुकानात शिरताक्षणी आले, सुकी बोरं आणि ओल्या लाकडाचा मिळून एक वास नाकात भरला. मागच्या भिंतीला छतापर्यंत छोटे छोटे खण होते आणि एक पोऱ्या हातातल्या बारीक तराजूने मुळ्या तोलत होता. आत साठीच्या सिनसेबाई. त्यांनी माझं मनगट छोट्या उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, आपल्याकडे पाहतात तशीच, फक्त दोन्ही हातांची आणि बराच वेळ. मग जीभ. मग प्रश्न: रात्री लघवीला किती वेळा? पाय गार पडतात? सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? बाई हे कांद्याचा भाव विचारावा तसं विचारत होत्या, त्यामुळे मीही तसाच उत्तरं देत गेलो. डॉक्टरांसमोर चार वर्षं जे जमलं नाही ते इथे पाच मिनिटांत झालं.

त्यांच्या शास्त्रात या सगळ्याचं मूळ मूत्रपिंडात. म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो ते मूत्रपिंड नव्हे. शरीराचं सत्त्व जिथे साठतं ते ठिकाण, साधारण आपल्या शुक्रधातूच्या कल्पनेजवळ जाणारं. तिथली ऊब कमी झाली की कंबर दुखते, पाय गार पडतात, इच्छा मावळते. त्यावरचा नामांकित पाला म्हणजे यिन यांग हुओ. मला वाटलं, यिन-यांग तत्त्वावरून नाव आलं असेल. बाई हसल्या आणि कागदावर एक अक्षर काढलं. वर दोन शिंगं, खाली आडव्या रेघा. हा यांग म्हणजे बोकड, आणि आधीचा यिन म्हणजे कामातुर! दीड हजार वर्षांपूर्वी ताओ होंगजिंग या वैद्याने लिहून ठेवलंय की सिचुआनकडचा एक प्राणी हा पाला खाऊन दिवसाला शंभरदा जुगतो. आपल्याकडे वाजीकरणातला वाजी म्हणजे घोडा. त्यांनी बोकड निवडला, एवढाच फरक. त्यांनी पानही दाखवलं. वाळलेलं, कागदासारखं, बुडाशी हृदयाच्या आकाराचं आणि कडेला बारीक काटे. चघळून पाहिलं, किंचित कडू.

"हा किती वेळात लागू पडतो?" मी विचारलं.

"आठवडे लागतात. कधी महिने."

मी खिशातून बाटली काढली. "हा तर चाळीस मिनिटांत लागू पडला."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस मिनिटांत? मग तो पाला नव्हे, लाह. दिवा निळा दिसला का?" (लाह हे इथल्या बोलण्यातलं शेपूट, आपल्या 'बरं का'सारखं.)

मी तोंडाकडे पाहतच राहिलो. निळं दिसणं, नाक चोंदणं, चेहरा तापणं ही सगळी सिल्डेनाफिलची लक्षणं, म्हणजे 1998 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या व्हायाग्रा या प्रसिद्ध गोळीतलं औषध. पाल्याच्या पुडीत तेच मिसळून विकण्याचा धंदा जगभर चालतो. किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. बीपीच्या गोळीबरोबर रक्तदाब आणखी उतरू शकतो, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या तर जिवावर बेतू शकतं.

मग त्यांनी 2008 सांगितलं. त्या वर्षी पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूरच्या इस्पितळांत मधुमेह नसलेले दीडशे लोक रक्तातली साखर भयंकर उतरल्यामुळे दाखल झाले. चार दगावले. शोध घेतल्यावर अशाच बेकायदा 'ताकदी'च्या गोळ्या निघाल्या आणि त्यांत ग्लायबेनक्लामाइड सापडलं. हे नाव ऐकून मला चरका बसला. मधुमेहाची ही गोळी माझ्या वडिलांच्या डब्यात वर्षानुवर्षं होती. ती घेऊन जेवायला उशीर झाला की बाबांना दरदरून घाम फुटायचा, आणि आई साखरेचा चमचा घेऊन धावायची.

"वडिलांना मधुमेह?" बाईंनी विचारलं. "आणि तुम्ही रात्री तीनदा उठता. काढा देईन, पण आधी रक्त तपासून या."

सोमवारी गेलो. सिनसेबाईंपुढे तालीम झालीच होती, तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगितलं, बाटलीही त्यांच्या हवाली केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, चार वर्षं बीपी मोजतोय, हे मीही विचारायला हवं होतं. उपाशीपोटी सकाळी रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सकाळीच सर्वांत जास्त असतं, म्हणून ते लवकर आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासतात. ते निघालं सीमारेषेवर. पण एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 7.4. मधुमेहाची रेघ 6.5 ला.

डॉक्टरांनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून साखरेचा आणि चरबीचा मार तिथे आधी दिसतो. पुढे कधीकधी काही वर्षांनी छातीत कळ येते. त्यामुळे ईसीजीही काढला, तो ठीक निघाला. मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, सुरू झाली. बोकडाच्या पाल्याबद्दलही विचारलं. त्यातलं इकॅरिन नावाचं द्रव्य प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलसारखंच काम करतं, पण फार क्षीण. माणसांवरचा भक्कम पुरावा नाही, असं ते म्हणाले. घ्यायचं तर सांगून घ्या, एवढीच अट.

पुढच्या शनिवारी रिपोर्ट घेऊन पुन्हा चायनाटाउन. बाईंनी आकडे पाहिले, मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. यिन यांग हुओ थोडा, गोजीची लाल फळं, तू सी झी म्हणजे चक्क आपल्या अमरवेलीच्या कुळातल्या वेलाचं बी, आणि बा जी तियान, आपल्या बारतोंडीच्या नात्यातल्या झाडाची मुळं. परंपरेतल्या मोठ्या पाठात फू झीही असतो. तो म्हणजे वचनागाचाच भाऊ, शोधन करूनच वापरायचा. बीपीवाल्याला तो नको म्हणून त्यांनी वगळला. तीन वाट्या पाण्याचा उकळून एक वाटी काढा, सकाळ-संध्याकाळ. स्वयंपाकघरात तो वास घुमला की मुलगी खिडक्या उघडत फिरायची.

काढा सहा आठवडे घेतला. त्याच काळात रात्रीचा भात सोडला, जेवणानंतर खाडीकाठाने तासभर चालायला लागलो आणि बायको सोबत यायला लागली. तिसऱ्या महिन्यात एचबीएवनसी 6.6 वर आलं. इच्छाही परतली, हळूहळू. श्रेय कुणाचं म्हणाल तर बायकोच्या मते चालण्याचं, सिनसेबाईंच्या मते मूत्रपिंडाच्या उबेचं, डॉक्टरांच्या मते मेटफॉर्मिन आणि भात सोडण्याचं. कधी गरज लागलीच तर डॉक्टरांनी लिहून दिलेली, मात्रा ठाऊक असलेली गोळी कपाटात आहे. आतापर्यंत दोनदाच लागली.

परवा यार्डात तोच मित्र जेवणाच्या सुट्टीत कडेला घेऊन म्हणाला, "तुला आता लागत नसेल तर उरलेल्या आठ मला दे." मी त्याला सगळं सांगितलं, दाराची चौकट, 2008, निळा दिवा.

तो बराच वेळ डब्यातला भात चिवडत बसला. मग हळूच म्हणाला, "निळा दिवा त्या गोळीचा? मला वाटत होतं, बायकोने बल्ब बदललाय."