रुपयात किती आणे खात्री?

आर्वीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही दोघींनी फिजिओथेरपी सेंटर काढलं, तेव्हा बहुतेक भांडवल मशीनमध्येच गेलं. पेशंटही तेच मागायचे, "मॅडम, करंट लावून द्या ना जी." चार दिवस बरं वाटायचं. कापसाची वेचणी लागली की येणं बंद, आणि संक्रांतीनंतर तोच खांदा पुन्हा दारात.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. कापूस वेचणाऱ्या एका काकूंना मी पहिल्याच दिवशी बजावलं, "हाताला जपा, काही उचलू नका." महिन्यानं आल्या तर हात छातीशी धरलेला. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं, वेणी सून घालणार. त्यांना शुगर होती. डायबेटिसमध्ये फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, जास्त आढळतो, सांध्याचं आवरण आक्रसतं, हे मी शिकले होते. पण हात हलवला तर बिघडेल, ही भीती त्यांना मीच घातली होती.

मग वाचायला बसले. इंग्लंडमध्ये खांदेदुखीच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास झालाय. दुखणं जास्त, पण आपल्याला जमेल हा विश्वास दांडगा, अशांचा हात, ज्यांचं दुखणं कमी पण विश्वास नाही त्यांच्याइतकाच किंवा त्याहून चांगला सुधारला. हा विश्वास मोजायला मायकेल निकोलस यांची १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, प्रत्येक प्रश्नाला ० ते ६ गुण. आमच्याकडे हे गुण कोणाला उमगेनात. म्हणून आम्ही आण्यांत विचारतो, "दुखत असलं तरी फळीवरचा डबा काढाल का? रुपयात किती आणे खात्री?"

काकू म्हणाल्या, "दोन आणे. तेही तुमच्यासाठी."

आता बारा आणे खात्री असेल तेवढाच व्यायाम आधी देतो. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, थांबला तिथं पेन्सिलीची रेघ पेशंटनंच मारायची. घरी मयालीवरून, म्हणजे छताच्या आडव्या लाकडावरून, दोर टाकून चांगल्या हातानं दुखरा हात ओढायचा. दुखलं म्हणजे आत काही तुटलं असं नाही, हे दरवेळी सांगतो. वेचणीही सोडायला लावत नाही. खालची बोंडं आधी, ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. एकेकाला पाऊण तास जातो, पेशंट कमी होतात, मशीनचे हप्ते लांबले. ते आम्ही सोसलं.

दिवाळीत रंग दिला तेव्हा भिंतीची तेवढी पट्टी सोडायला लावली. काकूंची पहिली रेघ माझ्या छातीपाशी आहे. दहा महिन्यांनंतरची बघायला मला मान वर करावी लागते. तिथं त्यांनी तारखेऐवजी माझ्याकडून लिहवून घेतलंय, "आज वेणी मीच घातली."