वस्तादांना आधी सांगायला हवं होतं

सोमवार, रात्री

आज तालमीत पहिल्याच लढतीत खाली आलो आणि पडता पडता माझा डावा हात मातीवर सपकन आपटला. वस्ताद मातीच्या हौदाच्या काठावर बसले होते. उठून जवळ आले. "हे हात आपटनं कुठून शिकला बे तू?"

दोन महिने चोरून ज्यूदो शिकतोय, हे लपवलेलं हातानंच सांगून टाकलं. ज्यूदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, हात मॅटवर, म्हणजे पाठीला बसणारा मार वाटला जातो. मातीत तसं चालत नाही. पाठ टेकली की कुस्ती गेली, म्हणून पडतानाच अंग वळवून पालथं व्हायचं.

मंगळवारी-शुक्रवारी फवारणीचं औषध आणायला म्हणून तालुक्याला जायचो. ज्यूदोच्या सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तालमीच्या वस्तादांना विचारून आलास ना?" हो म्हणालो. ते खोटं मला जास्त खुपतं. तिथंही गेल्या शुक्रवारी सवयीनं पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय हातानं धरून ओढला, आणि सरांनी थांबवलं. २०१० पासून बंधनं येत २०१३ ला ज्यूदोत हातानं पाय धरणं बंदच झालं. आपल्याकडं तर पट हाच पहिला डाव! एका घरचा डाव दुसऱ्या घरी न विचारता काढू नये, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

वस्ताद रागावतील वाटलं होतं. "दोन घरचा पाहुना उपाशी," एवढं म्हणाले, मग शेजारी बसवून घेतलं. "मीबी दोन वस्ताद केले. पन पहिल्याच्या पायावर डोकं ठेवलं, नारळ देल्ला, मंगच गेलो. मले सांगाले काय झालं होतं तुले?" उत्तर नव्हतं माझ्याकडं. ज्यूदो सुरू करणारे जिगोरो कानो स्वतः जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येच्या दोन घराण्यांत शिकले आणि १८८२ मध्ये त्यांनी आपली शाळा काढली, हे मला माहीत होतं. पण ते काय सांगणार? प्रश्न शिकण्याचा नव्हताच, चोरून जाण्याचा होता.

एक अट घातली त्यांनी. तिकडून आलं की आंघोळ केल्याशिवाय हौदात उतरायचं नाही. खरं आहे, गजकर्ण एका पोराला झालं की अख्ख्या तालमीला होतं.

उद्या सरांना खरं सांगणार आहे.

निघताना माती कपाळाला लावली, तेव्हा वस्तादांनी हाक मारली. "ते हात आपटून पडनं आपल्या लहान पोट्ट्यायले शिकोता येईन काय?"

"सरांना विचारतो आधी," म्हणालो.