पूल बंद असताना नायजर

नायजरच्या राजधानीत, न्यामेत, ग्रां मार्शे या मोठ्या बाजारात एका बाईने गोणीतला कांदा उचलला, देठाकडे अंगठ्याने दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. मी पिंपळगाव बसवंतचा, त्यामुळे तो अंगठा काय शोधत होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मानेत मऊ पडलेला माल टिकत नाही. नायजरच्या ताहुआ भागातलं गाल्मी हे गाव कांद्यासाठी पश्चिम आफ्रिकाभर ओळखलं जातं. तिथला कांदा जांभळा, थोडा चपटा, चवीला आपल्या लालपेक्षा गोडसर. एरवी तो ट्रकांनी बेनिन, घाना, आयव्हरी कोस्टला जातो. मी तिथे होतो तेव्हा सरळ रस्ता बंद होता.

सौरपंपांच्या कामासाठी जानेवारी २०२४ च्या मध्यापासून सहा आठवडे मी न्यामेत राहिलो. बंडाला तेव्हा सहा महिने होत आले होते. २६ जुलै २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या रक्षक दलाचे प्रमुख जनरल चियानी यांनी ज्यांचं रक्षण करायचं त्या मोहम्मद बाझूम यांनाच कोंडून घातलं. (कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.) स्वातंत्र्यानंतरचं हे पाचवं यशस्वी बंड. शेजारी देशांच्या इकोवास संघटनेने आठवड्याची मुदत दिली, सैन्य पाठवू म्हणाले. सैन्य आलं नाही, निर्बंध मात्र आले. सीमा बंद, बँकांचे व्यवहार गोठलेले, आणि न्यामेला ज्या तारांवरून वीज यायची त्या नायजेरियाने बंद केल्या.

जाण्याआधी घरच्यांनी रस्त्यावर रणगाडे असतील असं धरलं होतं. मला एकही दिसला नाही. चौकात बंदूकधारी जवान, काही भिंतींवर फ्रान्सविरोधी घोषणा, टपऱ्यांवर रशियाचे छोटे झेंडे, एवढंच. फ्रेंच सैन्य डिसेंबरातच निघून गेलं होतं. ज्या एस्कादरीय चौकात महिनाभर त्यांच्या तळासमोर गर्दी ठिय्या देऊन बसायची, तिथून माझी टॅक्सी रोज जायची. ड्रायव्हर प्रत्येक वेळी हात वर करून दाखवायचा, इथे आम्ही होतो. पण तोच ड्रायव्हर तांदळाच्या पोत्याचा भाव निघाला की गप्प व्हायचा.

तांदूळ यायचा कोतोनू बंदरातून, बेनिनमार्गे. मध्ये नायजर नदी आणि तिच्यावर मालांव्हिल-गाया पूल. तो बंद. मग माल टोगोच्या लोमे बंदरात उतरवायचा आणि बुर्किना फासोमधून, लष्कराच्या बंदोबस्तात, ट्रकांचे लांबच लांब काफिले करून आणायचा. त्या वाटेवर दहशतवादी हल्ले होतात म्हणून बंदोबस्त. तांदूळ असा उशिरा का होईना पोचतो. कांद्याला उशीर चालत नाही. बाजारातल्या एका हौसा जमातीच्या व्यापाऱ्याला मी मोबाइलवर आमच्या बाजार समितीचे फोटो दाखवले आणि सांगितलं, आमच्याकडेही डिसेंबरपासून निर्यातबंदी आहे, चांदवडला शेतकरी रस्त्यावर उतरले होते. त्याने विचारलं, तुमच्याकडे पण बंड झालं का? नाही म्हटल्यावर त्याला काही ते पटेना.

जाणाऱ्यांसाठी आता कामाचं.

मुंबईहून अदिस अबाबामार्गे जाणं मला सोयीचं पडलं. इस्तंबूलमार्गेही जाता येतं. नायजरचा दूतावास दिल्लीत आहे. निमंत्रणपत्र पक्कं असल्याशिवाय तिकीट काढू नका. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टलाच रबर लावून ठेवा, ते विमानतळावर पासपोर्टच्या आधी मागतात. मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू करून जा.

पैसे युरोत न्या. तिथला सेफा फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७, त्यामुळे हिशोब सोपा. एटीएमवर भिस्त ठेवून मी पहिल्याच आठवड्यात फसलो. बँकेत दोन तास रांगेत उभं राहून मागितल्याच्या निम्मेच पैसे मिळाले. निर्बंध उठले तरी रोकड जवळ असू द्या, पण एकाच खिशात नको.

वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नव्हता. हॉटेल ठरवताना पोहण्याचा तलाव आहे का ते विचारू नका, जनरेटर आहे का आणि तो रात्रभर चालतो का ते विचारा. मी जनरेटर आहे का एवढंच विचारलं होतं, रात्रभर चालतो का ते राहिलं. जानेवारी-फेब्रुवारीत निदान उकाडा नसतो, हरमत्तान वाऱ्याची धूळ असते. सकाळी उशीसुद्धा करकरीत लागते. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पंखा नसलेली रात्र कशी काढायची ते ज्याचं त्याने पाहावं.

फोटोंच्या बाबतीत हलगर्जी नको. पूल, विमानतळ, सैनिक, सरकारी इमारत, काहीही टिपू नका. केनेडी पुलावरून नदीचा सूर्यास्त फार सुरेख दिसतो. तो डोळ्यांनीच पाहा. राजकारणावर कुणी मत विचारलं तर हसून "सान्नू" (हौसा भाषेतला नमस्कार) म्हणा आणि बाजरीवर या. बाजरीवर तिथे कुणाशीही तासभर बोलता येतं. फुरा म्हणजे बाजरीचे उकडलेले गोळे आंबट दुधात कुस्करून केलेलं पेय. तुंब्याच्या कमंडलूतून, लांब दांड्याच्या डावाने पितात. पहिल्या घोटाला मला आजीची आंबील आठवली, फक्त जिरं-लसणाऐवजी आलं. शाकाहारी माणसाचा दिवस फुरा, चवळी-भात आणि तळलेल्या माशावर निघतो. दचकू नका, मासा म्हणजे तिथले वडे.

शहराबाहेर मात्र जाऊ नका. गाल्मी पाहायची माझी इच्छा राहूनच गेली. परदेशी माणसाला न्यामेबाहेर लष्करी बंदोबस्ताशिवाय जाता येत नाही, आणि तो नियम शोभेचा नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिल्लाबेरी भागातून पाच भारतीय कामगारांना पळवून नेलं, जुलैमध्ये दोस्सो भागातल्या हल्ल्यात दोन भारतीय मारले गेले. कंपनी साइटवर पाठवत असेल तर बंदोबस्त कोण देणार हे लेखी घ्या. पोचल्या दिवशी भारतीय दूतावासात नाव नोंदवा. ऑगस्ट २०२३ मध्ये देश सोडायची सूचना निघाली तेव्हा हवाई हद्द बंद होती, अडीचशेच्या आसपास भारतीय तिथे होते आणि निघायचं तर जमिनीवरूनच. यादीत नाव असणं तेव्हा किती मोलाचं ठरलं असेल याचा अंदाज करा.

शहरात भारताने बांधून दिलेलं महात्मा गांधी संमेलन केंद्र आहे, २०२० मध्ये उघडलेलं. मार्च २०२५ मध्ये जनरल चियानींनी पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती तिथेच.

मी असतानाच २८ जानेवारीला नायजर, माली आणि बुर्किना फासो या तिन्ही लष्करी सरकारांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं. २४ फेब्रुवारीला इकोवासने नायजरवरचे बहुतेक निर्बंध उठवले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या व्यापाऱ्याकडे गेलो. म्हटलं, आता पूल उघडेल. तो गोणीची शिवण उसवत होता. बेनिनने आपलं टोक उघडलं तरी आमचे लोक आपलं उघडतीलच असं नाही, म्हणाला. आणि तसंच झालं.

निघताना त्याने चार कांदे दिले. मी ते हॉटेलच्या आचाऱ्याला देऊन टाकले. निर्यातबंदी चालू असताना पिंपळगावात आफ्रिकेचा कांदा घेऊन उतरायची माझी हिंमत नव्हती.