जाड पुस्तकं, जुनी पुस्तकं

अप्पा बळवंत चौकात सॉफ्टवेअरच्या पुस्तकांचं नशीब फार चटकन ठरतं. एखाद्या फ्रेमवर्कची, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या तयार सांगाड्याची नवी आवृत्ती आली, की जुन्या आवृत्तीवरचा जाडजूड ठोकळा सेकंडहँडच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. अमुक इतक्या दिवसांत तमुक शिका, या छापाच्या पुस्तकांचा तर तिथे कायमचाच मुक्काम. माझं मत विचाराल, तर आमच्या धंद्यात हत्यारांवरची पुस्तकं विकत घेऊच नयेत. त्यासाठी डॉक्युमेंटेशन आहे, आणि आता एआयला विचारलं की उदाहरणासकट उत्तर हजर. (ते बरोबर असेलच असं नाही, पण हजर असतं.) पैसे आणि रविवार घालवायचे ते जुनी होऊनही न विटणाऱ्या पुस्तकांवर.

फ्रेड ब्रूक्सचं 'द मिथिकल मॅन-मंथ' 1975 सालचं. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अनुभवावर लिहिलेलं. ती यंत्रं गेली, ती भाषा गेली. पण उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की आणखी उशीर होतो, हे हिंजवडीतल्या कुठल्या ना कुठल्या मीटिंग रूममध्ये आजही खरं ठरत असणार. हिशेब साधा आहे. पाच जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलायच्या जोड्या 10. दहा जण केले की 45. वर नव्यांना शिकवायला बसवायचं कुणाला, तर ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही त्यांना! मॅनेजरमंडळींना हे पाठ असतं, तरी डेडलाइन जवळ आली की बेंचवरची, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेली पोरं पाठवतातच.

अशी पुस्तकं वाचायची कशी, हा मात्र निराळा प्रश्न. कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक घ्या. 1988 ची दुसरी आवृत्ती तीनशे पानांचीसुद्धा नाही. त्यात एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, दुसरीत उतरवणारं फंक्शन आहे. आधी ते ॲरेच्या इंडेक्सने (अक्षराच्या क्रमांकाने) लिहिलंय, मग पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने), आणि मग आवळत आवळत असं आणलंय की सगळं काम लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या, अटीतच उरकतं. लूपच्या पोटात उरतो नुसता अर्धविराम. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमध्ये वाचलं, तर कळल्यासारखं वाटतं. पण घरी कागदावर चौकोन आखून, एकेक अक्षर सरकवत स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यापर्यंत गेलं, की लक्षात येतं: ते शून्यही आधी उतरतं, आणि मगच लूप थांबतो. एवढ्या एका ओळीवर अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्यावी.

आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं, "सर, याचा व्हिडिओ नाही का? दीडपटीने लावून बघितला असता." व्हिडिओ असतोच. पण पुस्तकाने टीमला सामाईक नावं मिळतात, त्याचं काय? कोडचं काम न बदलता त्याची रचना सुधारण्यावरचं मार्टिन फाउलरचं 'रिफॅक्टरिंग' 1999 मध्ये आलं तेव्हा उदाहरणं जावातली होती. 2018 च्या आवृत्तीत ती जावास्क्रिप्टमध्ये आली. भाषा बदलली, पुस्तकाचा गाभा तोच. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, "इथे एक्स्ट्रॅक्ट फंक्शन कर" (हा तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये काढ) एवढं लिहिलं की पुरतं. नाहीतर अर्धं पान कॉमेंट लिहा आणि वर समोरच्याला राग येणार नाही याची काळजी घ्या. त्या मुलीला मी ते पुस्तक दिलंय. अप्रेझलमध्ये याचा उपयोग होईल का, हे तिने विचारलं आणि मी चहा मागवला.

सावकाश वाचनाची खरी परीक्षा घेतात ते डोनाल्ड नूथ. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड 1968 चा, आणि त्यांचं लिखाण अजून चालूच आहे. पुस्तकात नवी चूक दाखवून देणाऱ्याला ते 2.56 डॉलर देतात, कारण सोळाच्या पायावरच्या हेक्साडेसिमल पद्धतीत 256 हा आकडा 100 असा लिहितात, म्हणून 256 सेंट म्हणजे एक हेक्साडेसिमल डॉलर! 2008 पासून खरा चेकही येत नाही, एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र येतं. माझी गाडी अजून सुरुवातीच्या गणितातच आहे, तेव्हा तूर्त त्या बँकेत माझं खातं उघडायची कुणी घाई करू नये.