पौषातला कुलर

परवा दुपारी तालुक्याला गेले होते, बँकेचं काम होतं, ते काही झालं नाही कारण साहेब लग्नाला गेलेले, तर म्हटलं आलोच आहोत तर कुलरच्या ताट्या तरी घेऊन जावं. दुकानदार स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून उन्हात खुर्ची टाकून बसला होता. म्हटलं भाऊ, वाळ्याच्या ताट्या द्या, तीन. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे.

"ताई, जानेवारी चालू हाय."

म्हटलं मला माहीत आहे.

"आता माल नाही ठेवत जी आमी, मार्चात या." पण मग त्याला काय वाटलं कोण जाणे, आतून मागच्या वर्षीच्या उरलेल्या ताट्या काढून आणल्या, धूळ झटकली आणि पैसे घेताना हळूच विचारलं, "घरी पेशंट हाय का कोणी?"

मी हो म्हटलं. खोटं तरी कुठे होतं.

आता आपल्याकडे कुलर म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. होळी झाली की बाहेर निघतो आणि पाऊस लागला की त्याच्यावर जुनं लुगडं टाकून कोपऱ्यात सरकवायचा, मग वर्षभर त्याच्यावर पापडाचे डबे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरला ४७.९ झालं होतं ना, तेव्हा आमच्या गावातही काही कमी नव्हतं, याच कुलरसमोर घरातली सात माणसं ओळीनं झोपायची, कुलरच्या अगदी तोंडापुढची जागा सासऱ्यांची आणि सगळ्यात शेवटची, म्हणजे जिथे वारा पोचेपर्यंत गरम होऊन जायचा ती, माझी. पण तेव्हासुद्धा मला एवढा घाम आला नाही जेवढा आता पौषात, बाहेर पारा ९ वर असताना, रात्री सव्वातीनला येतो.

ज्यांना येतो त्यांना कळेल. छातीत कुठेतरी चूल पेटते, मग ती धग मानेवर, मग कानाच्या पाळ्या तव्यासारख्या, काळीज धाडधाड करून राहिलेलं जसं काही कोणी दार वाजवलंय, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं खलास. मग ओल्या ब्लाउजनं थंडी वाजते. म्हणजे रजई काढायची, फेकायची, परत शोधायची, तेवढ्यात झोप गेलेली असते ती गेलीच.

माझं माहेर दारव्ह्याकडचं, त्यामुळे मला माझी झोप आमच्याकडच्या शकुंतला रेल्वेसारखी वाटते. मूर्तिजापूरहून निघायची खरी पण वाटेत कुठे थांबेल, किती वेळ थांबेल याला काही नेम नाही, आणि आता तर ती बंदच पडली.

कुलर आम्ही दिवाळीनंतर परत बाहेर काढला तेव्हा आमचे हे दोन दिवस काही बोलले नाहीत. माकडटोपी घातली, वर दोन रजया घेतल्या, मफलर. तिसऱ्या रात्री रजईच्या आतून आवाज आला, "अवं, माणूस मरून राह्यला इथं." मग स्वतःच उशी उचलून समोरच्या खोलीत गेले. तिथे कापूस भरून ठेवलाय, भाव वाढेल वाढेल म्हणून अजून विकला नाही, तर हे त्या ढिगाला पाठ लावून झोपतात. कापसाची ऊब मोठी असते, लेकरं लहान होती तेव्हा त्याच्यात खड्डा करून झोपायची आणि सकाळी अंगभर खाजवत उठायची. शेजारच्या काकूंनी एक दिवस खिडकीतून पाहिलं, कुलर आत सुरू आणि नवरा बाहेर कापसात. त्यांनी काय अर्थ काढला असेल तो काढो बापा.

आणि हे घरी असतात तेही एक आठवडा आड. आमच्याकडे शेताची लाईन, म्हणजे मोटरची वीज, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. रातची असली की गहू-हरभरा ओलवायला टॉर्च घेऊन निघतात ते पहाटेच. परवा हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत होते, म्हणाले, "सोमवारपासून पाळी बदलते," आणि मी भाकरी थापता थापता एकटीच हसत सुटले. आमच्या घरात आता पाळी येते ती फक्त लाईनची.

तर रातची लाईन असते तेव्हा माझी काळजी खरी असते, डुकरं आहेत, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायची यांची सवय आहे. त्या रात्री मी जागी राहते पण मला त्याचं काही वाटत नाही, काळजीला कारण असलं की ती जरा गुमान बसते. घोळ होतो तो दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात. हे घरी, दाराला कडी, ढोरं गोठ्यात, आणि माझं काळीज सव्वातीनला उठून बसतं आणि काम शोधतं. गॅस बंद केला होता का. पोराचा पुण्याहून फोन मंगळवारी यायचा तो बुधवारी का आला. सोसायटीचं कर्ज. दाताचा तो तुकडा पडला तिथे कॅन्सर तर नाही. मग काहीच उरलं नाही की १९९८ साली मी सासूला बोलले होते ते एक वाक्य, सासू गेली, तिला ते आठवतही नव्हतं असं तीच एकदा म्हणाली होती, पण सव्वातीनला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं, माझ्याच आवाजात. सकाळी सहाला चहा ठेवताना यातलं एकही खरं वाटत नाही. रात्री मात्र एक टिटवी ओरडली तरी वाटतं झालं, आता फोन वाजणार.

यावर सल्ला देणारे गावात कमी नाहीत. उष्णता आहे, सब्जा खा. गुलकंद खा. जाऊबाई म्हणे बाहेरचं काही आहे का पाहून घे. जाऊबाईंची स्वतःची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढलेली, एका ठिकाणी पाठ दुखते म्हणून दाखवायला गेल्या आणि ऑपरेशन करून आल्या, सोबत अंडाशयंही गेली हे त्यांना पुढे कधीतरी कागद वाचून दुसऱ्यानं सांगितलं. अंडाशयं गेली की पाळी जाण्याचं जे काय असतं ते सगळं एका झटक्यात येतं, पायरी-पायरीनं नाही. त्यांना आठ-दहा वर्षं हेच होत होतं तेव्हा आम्ही त्यांना चिडखोर म्हणायचो. मीही म्हटलंय. हे पण सव्वातीनच्या यादीत आहे.

मलाही एकानं पिशवी काढून टाका, कटकट नको असंच सांगितलं होतं. मग पोरीनं ओढून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन बघायला लावलं, कारण थायरॉईडनंही असंच धडधडतं आणि घाम येतो. ते सगळं बरं निघालं. मग म्हणाल्या काकू, अंगातलं इस्ट्रोजेन कमी-जास्त होतंय, मेंदूत गर्मी-थंडी सांभाळणारी एक जागा असते ती त्याच्यामुळे हळवी होते, जरासं ऊन लागलं की तिला वाटतं आग लागली आणि ती सगळी पंखे-फवारे सुरू करते. म्हटलं म्हणजे ऑटोस्विच बिघडला. त्या हसल्या, म्हणाल्या तसंच. लाईन थोडी हलली की मोटर आपोआप सुरू, विहिरीत पाणी असो नसो. बारा महिने सलग पाळी आली नाही की मग ती गेली म्हणायचं, आणि त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी त्याच दिवशी यायचं, लाजायचं नाही. माझे सात महिने झाले होते, आठव्याला परत आली, म्हणजे मोजणी परत पहिल्यापासून. गोळ्याही असतात म्हणाल्या, हार्मोनच्या आणि बिनहार्मोनच्या, पण ज्याच्या त्याच्या तब्येतीनं, आधी तीन महिने हे करून पाहा.

हे म्हणजे: दुपारी चारनंतर चहा बंद. रात्री तिखट कमी. यावर आमचे हे म्हणाले, "वऱ्हाडात राहून तिखट कमी, मग पुण्यालेच जाऊन राहा ना." तिखटाचं एक वेळ जमलं पण चहा कसा नाही म्हणायचा? संध्याकाळी कोणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हटलं तर त्या बाईचं तोंड बघा. मी आता अर्धा कप घेते आणि उरलेला तुळशीत टाकते, तुळस काही झोपत नाही तरी चालते.

आणि शेवटची गोष्ट त्या बोलल्या ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणाल्या जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर पडून तळमळायचं नाही. घड्याळ बघायचं नाही, मोबाईल तर नाहीच. उठायचं, दुसरीकडे जाऊन बसायचं, मंद उजेडात काहीतरी साधं हाताचं काम करायचं, ज्याला डोकं लागत नाही असं, आणि डोळे जड झाले की परत अंथरुणात.

मंद उजेड, हाताचं काम. मी एस्टीत बसून घरी येत होते आणि डोळ्यासमोर आजी.

मी नऊ वर्षांची असेन, म्हणजे १९८५. माहेरी मोठी ओसरी, तिथे एका कोपऱ्यात कापूस. असेच थंडीचे दिवस. रात्री मला बाहेर जायचं होतं म्हणून उठले तर ओसरीवर चिमणी जळत होती आणि आजी भिंतीला टेकून बसलेली. घोंगडी बाजूला पडलेली. पदर खांद्यावरून खाली. पुढ्यात देवकापसाची टोपली, परसात झाड होतं त्याचा, आणि चिमटीभर राख एका झाकणात. बोटांनी सरकी सोडवायची, कापूस हलक्या हातानं फुलवायचा, बोटाला राख लावून तळहातावर एक वळसा द्यायचा, वात तयार, पिवळ्या डालड्याच्या डब्यात. तिच्या कपाळावर घाम होता, चिमणीच्या उजेडात चमकत होता. मी कुडकुडत विचारलं, आजी तुले थंडी नाही वाजत?

"देवाचं काम करताना थंडी वाजत नाही माय. जाय, निज."

मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी पहाटे मी फ्रॉकवर अंगणात बसून रामरक्षा म्हटली आणि चार दिवस तापानं पडले.

आजीची लाखवात होती. सगळ्या गावाला माहीत होतं. बाया यायच्या, डबा उघडून बघायच्या, म्हणायच्या काय भक्ती हो, रात्री-रात्री बसते. आजोबा पारावर अभिमानानं सांगायचे. आता मी हिशोब करते, आजीचा जन्म कोणी लिहून ठेवला नव्हता पण माझे बाबा थोरले आणि तिचं लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी, म्हणजे तेव्हा ती ४८ च्या आसपास. माझ्याएवढी. रात्रीच्या शंभर वाती धरल्या तर एक लाखाला हजार रात्री. दोन वर्षं आणि नऊ महिने.

मी हे बोटांवर मोजलं तेव्हा एस्टी फाट्यावर थांबली होती आणि मी उतरायची विसरले, पुढच्या स्टॉपवरून चालत आले.

कोणाला सांगणार होती ती? आणि काय म्हणून? तेव्हा याला शब्द तरी कुठे होता. झोप येत नाही म्हणून म्हातारी ओसरीवर बसते म्हटलं असतं तर मांत्रिक आणला असता. लाखवात म्हटली की कोणी काही विचारत नाही. का तिला खरंच देवाचंच वाटत होतं? दोन्ही असेल. मी उगाच आजीच्या देवाला थायरॉईडची टेस्ट करायला निघालेय असं पण वाटतं कधी कधी.

लाख पूर्ण झाल्या तेव्हा महादेवाच्या देवळात पेटवल्या, मोठी आरती झाली, शिरा होता. सगळ्या बायांनी आजीच्या पाया पडल्या आणि कोणीतरी म्हणालं, चला, सुटली आता, निवांत झोप. आजी म्हणाली, "अजून एक लाख बोलली हाय मी." तेव्हा सगळे आणखीच पाया पडले.

दुसरी लाख झाली की नाही ते कोणालाच आठवत नाही, मी आत्याला फोन करून विचारलं.

असो. ताट्या बसवायला तो पोरगा सकाळी येतो म्हणाला होता, संध्याकाळी आला. वाळा ओला झाला तसा घरभर वास सुटला, हे समोरच्या खोलीतून ओरडले, "काहून वं, उन्हाळा लागला का?" रात्री जाग आलीच, मी उठले, यांच्या ढिगातूनच मूठभर कापूस काढला, हे घोरत होते, स्वयंपाकघरात देवापुढच्या झिरोच्या बल्बखाली बसले. माझ्या वाती वाकड्या होतात. सरकी नखात रुतते. काल एकेचाळीस झाल्या आणि तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला, सकाळी दूधवाल्यानं उठवलं. शंभर काही होत नाहीत माझ्यानं.