आमची वाटचाल : चव खरी की बोर्ड खरा

कोथरूडला भाजीचं दुकान टाकलं तेव्हा सेंद्रिय म्हणजे महाग एवढंच लोकांना माहीत होतं. पुरंदरचा एक शेतकरी दादा पिकवणार आणि मी विकणार असं ठरलं, जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत), दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा कीड मारायचा अर्क) सगळं तो घरीच करायचा. मधली काही वर्षं चांगली गेली.

मग समोरच्या गाळ्यात एकाने 'शंभर टक्के ऑरगॅनिक' चालू केलं. माल पहाटे मार्केट यार्डातून, मी स्वतः पाहिलाय टेम्पो, आणि रेट आमच्यापेक्षा कमी. हंगामी पिकाच्या जमिनीला कन्व्हर्जनलाच, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर यायलाच, २ वर्षं जातात, पण याचं सगळं पहिल्या दिवसापासून ऑरगॅनिक कसं, हे एकानेही विचारलं नाही! आमची मेथी संध्याकाळी गायीपुढे जायची, गाळ्याचं भाडं थकलं, डिलिव्हरीची गाडी विकावी लागली. अजून आठवलं की डोकं फिरतं.

त्याच काळात मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं हातातलं यंत्र, घेतला. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, वाचायचा. समोरचा टोमॅटो ४ च्या आसपास, दादाचा ६ च्या पुढे. मी लगेच गिऱ्हाइकांना दाखवायला लागलो, तर एरंडवण्याच्या एक काकू म्हणाल्या, "अरे पण तुझा गावठी आणि झाडावर पिकलेला, त्याचा हायब्रीड आणि हिरवा तोडलेला, यात शेणखत कुठून आलं?" बरोबरच होतं. मुळशीचा आंबेमोहर युरियावरचा असला तरी घमघमतोच की, वास वाणाचा असतो. आणि ब्रिक्समध्ये साखर कळते, आंबटपणा नि वास नाही कळत.

मग काकूंनीच भिशीतल्या बायकांना आणून डोळे झाकून चव घ्यायला लावली. काकडीत कुणालाच फरक कळला नाही, पालकात बहुतेकींना कळला, युरिया नि पाणी जास्त झालं की पालक फोफावतो पण पचपचीत लागतो. त्या भिशीवरच दुकान पुन्हा उभं राहिलं, आणि तेव्हापासून आम्ही सेंद्रिय म्हणजे चवदार असं म्हणतच नाही, वाण कोणता आणि तोडणी कधीची ते पाटीवर लिहितो. समोरच्याने हे कधी केलं नाही, करणार तरी कसा.

तुम्ही कुठूनही घ्या, पण सर्टिफिकेट मागायला लाजू नका. आणि टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नका हो, गारठ्याने वास मरतो आणि शिव्या आम्हाला बसतात.