पूर्ण गाडी, शंभर मिली

प्रत्येक मोटार आपल्या रंगाचा पत्ता अंगावरच वागवत असते, पण तो वाचायची तसदी कुणी घेत नाही. दार उघडलं की खांबावर किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी किंवा स्टिकर असतो आणि त्यावर दोन-तीन अक्षरांचा नाहीतर आकड्यांचा कोड. मारुतीच्या गाडीवर २६यू दिसलं तर ती 'सुपिरियर व्हाइट', टोयोटावर ०४० असेल तर 'सुपर व्हाइट'. आपण दोन्हींना पांढरी म्हणून मोकळे होतो. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून नव्या गाड्या लादलेले ट्रेलर निघतात, तेव्हा आमच्या नाशकात लोक पुढे काढायला जागा आहे का ते बघतात. मी मागे राहून ऊन पडलेल्या आणि न पडलेल्या बाजूचा रंग बघत बसतो. मागचे हॉर्न वाजवतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे.

मला हा नाद लागला तो छोट्या मॉडेल गाड्यांमुळे. २४ पट लहान, वीतभर लांबीची प्लास्टिकची गाडी. सुटे भाग जोडायचे, घासायचे आणि रंगवायचे. रंग कसा, तर खऱ्या गाडीला कारखान्यात लागला तोच हवा. परदेशात यासाठी खास बाटल्या मिळतात. इंग्लंडच्या 'झिरो पेंट्स'सारखे लोक मोटार कंपन्यांच्या कोडप्रमाणे रंग बनवून, एअरब्रशला, म्हणजे हवेच्या झोताने रंग उडवणाऱ्या छोट्या पिचकारीला, चालेल इतका पातळ करूनच देतात. पण हा ज्वालाग्राही माल विमानाने मागवणं म्हणजे कटकट. त्यापेक्षा आपलं गाव बरं.

मामांची चंदेरी स्विफ्ट करायची ठरली, तेव्हा त्यांना अंगणात उभं करून दार उघडायला लावलं. कोड मिळाला झेड२एस, म्हणजे 'सिल्की सिल्व्हर'. तो घेऊन नाशकातल्याच द्वारका भागात मोटारीच्या रंगाच्या दुकानात गेलो.

"काय मारायचंय? बंपर का दरवाजा?"

"पूर्ण गाडी."

"किती देऊ?"

"तीस मिली."

काउंटरला टेकलेला एक पेंटर वळून बघायला लागला. म्हणाला, "साहेब, तीस मिलीत तर आरसा पण झाकायचा नाही." मालकाने मात्र न हसता सांगितलं की शंभरच्या खाली देत नाही. त्यात त्याचा लोभ नव्हता. रंग काट्यावर बनतो. डबा ठेवायचा, संगणकावर कोड टाकायचा आणि एकेक टिंटर, म्हणजे मिसळायचा मूळ रंग, ग्रॅमच्या हिशेबाने ओतत जायचं. समजा शंभर ग्रॅममध्ये काळा ०.२ ग्रॅम लागतो. तीस ग्रॅमला तो ०.०६ होतो, आणि काटा दशांश ग्रॅमच दाखवतो. थेंब पडला काय नि न पडला काय, काट्याला पत्ता नाही, पण रंगाला मात्र लगेच कळतं. त्याने शेवटचा थेंब सोडताना डबा तिरपा धरला, श्वास रोखला आणि थेंब काठावर लोंबत असतानाच काडीने तोडला. ते बघायला मिळालं यातच शंभर मिलीचे पैसे वसूल झाले.

खरी गंमत घरी सुरू होते. कोड अचूक, रंग अचूक, आणि तरीही मॉडेलवर चंदेरी रंग खोटा दिसू शकतो. चंदेरीत ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. एखादा कण २० मायक्रॉनचा धरला, तर तो खऱ्या गाडीवर नुसता चमकतो. २४ पट लहान गाडीवर तोच कण जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा ठरतो, म्हणजे गाडीवर रवा सांडल्यासारखा. साधा लाल किंवा पांढरा दुकानातून आणावा, बिनधास्त मारावा. चंदेरीला मात्र छटा कोडची आणि कण जमेल तितके बारीक, अशी तडजोड करावी लागते.

जाडीचंही तेच. खऱ्या गाडीवर तळाच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत सगळे थर मिळून साधारण दशांश मिलिमीटर भरतात. आता दाराची ४ मिलिमीटरची फट २४ पट लहान करून बघा, ०.१७ उरते. दोन्ही कडांवर कारखान्याइतका रंग चढवला तर दार कायमचं बंद! म्हणून पातळ हात, धुक्यासारखे, आणि मध्ये वाळायला वेळ. पावसाळ्यात तर दमट हवेने लॅकरवर, म्हणजे या झटपट वाळणाऱ्या रंगावर, पांढुरकी साय धरते, त्यामुळे ते महिने नुसते घासकामाचे. शिवाय मोटारीचं थिनर प्लास्टिक खातं, तेव्हा खाली प्रायमर हवाच.

काही जाणकार सांगतात की लहान वस्तू गडद दिसते, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. विमानं आणि जहाजं करणाऱ्यांचं पटतं. ती आपण खरोखर लांबून बघतो, मध्ये हवा असते. पण माझी गाडी मी फूटभरावरून बघतो, म्हणजे खरी गाडी २४ फुटांवरून. आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून पार्किंगइतकं ते अंतर. तेवढ्यात कुठली हवा आड येते? मी पांढरा घालत नाही.

आणि जुळवायचं तरी कशाशी? मामांची गाडी उन्हात नीट बघितली तर तिचा बंपर दाराशी जुळत नाही. एकही ठोकर लागलेली नाही, दोन्ही कारखान्यातलेच. बंपर प्लास्टिकचा, दार पत्र्याचं. दोन्ही वेगळ्या जागी, वेगळ्या रंगाने रंगतात. ट्यूबलाइटखाली एक वाटतात, दुपारी पार्किंगमध्ये फारकत घेतात. मग मी बंपरला दोन थेंब काळसर वेगळा मारला. हे कुणाच्या लक्षात येणार नाही हे माहीत होतं, पण मला ते खुपत राहिलं असतं.

गाडी तयार झाल्यावर मामांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, खिशातून चष्मा काढला, नंबर प्लेट डोळ्यांशी धरून एमएच १५ पुढचे आकडे एकेक करून वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

बंपरबद्दल मीच सांगितलं. तेव्हापासून त्यांना खऱ्या गाडीचा बंपर खटकतो, आणि तो रंगवून घ्यायला किती खर्च येईल हे ते मलाच विचारत असतात.